अकरा वर्षं न सुटलेली थाळी

दिलीप करमरकरांच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं, "लोखंड आणि माणूस, दोन्ही ऊब दिल्याशिवाय हलत नाहीत." मूळचा सांगलीचा माणूस. वीस-बावीस वर्षांपूर्वी म्हैसूरला एका कारखान्यात आले, तिथंच निवृत्त झाले आणि कुवेंपुनगरात घर बांधून राहिले. निवृत्तीनंतर लोक फिरायला जातात, भजनाला जातात. ह्यांनी जुने रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करायला घेतले. कुणी भुताखेताची गोष्ट काढली की दिलीपराव चहाचा कप खाली ठेवून शांतपणे विचारायचे, "तेव्हा व्होल्टेज किती होतं?" की समोरच्याची गोष्ट तिथंच गार. अशा माणसाची ही हकिकत आहे म्हणून सांगतो. दुसऱ्या कुणाची असती तर मीही हसण्यावारी नेली असती.

नोव्हेंबर महिना होता. तिकडे चेन्नईच्या समुद्रात वादळ उठलं की इकडे म्हैसूरला तीन-तीन दिवस आभाळ डोक्यावर बसून राहतं, तसं बसलं होतं. ऊन नाही, जोराचा पाऊसही नाही, नुसती भुरभुर. शनिवारी दुपारी जेवण होतंय तोच ओळखीतल्या नव्या नावाच्या मुलीचा फोन आला. ती नजरबादला आजीजवळ राहायची, कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत होती. घरातला जुना टर्नटेबल बंद पडलाय, बेल्ट गेलाय बहुतेक, आणि वरची थाळी निघत नाही, आजच्या आज या, असं तिनं निम्म्या कन्नडात आणि निम्म्या इंग्रजीत सांगितलं.

"पावसाचं कुठं निघालात?" रजनीताईंनी विचारलं.

"बेल्ट बदलायचाय. अर्ध्या तासाचं काम."

"तुमचा अर्धा तास मला ठाऊक आहे. परवा मिक्सर उघडलात तो अजून परातीत पडलाय."

दिलीपरावांनी ते ऐकलंच नाही. नवऱ्यांना ही कला लग्नानंतर लवकरच येते. बेंगळूरूहून मागवलेल्या बेल्टांतला त्या मापाचा एकच उरला होता, त्याचं सीलबंद पाकीट त्यांनी शर्टाच्या खिशात टाकलं, हत्यारांची पिशवी स्कूटरला अडकवली आणि निघाले.

नजरबादला राजवाड्याच्या बाजूच्या कचेऱ्यांमागे एक बोळ आहे. एरवी तिथं झेरॉक्सवाले, अर्ज लिहिणारे, वकिलांचे कारकून ह्यांची झुंबड असते. पण तो चौथा शनिवार. कचेऱ्या बंद, दुकानं बंद, अख्ख्या बोळात एक ओलं कुत्रं तेवढं पायरीवर मुटकुळं करून पडलं होतं. घर पहिल्या मजल्यावर होतं. खालचा झेरॉक्सवाला शटर ओढून गेलेला.

जिन्यातच नव्यानं त्यांना थांबवलं. "अंकल, एक मिनिट. अज्जीच्या हार्टचं व्हॉल्व्ह खराब झालंय. मंडेला ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, आता डिले नको. आणि ती म्हणते, मी येत नाही. ती थाळी फिरल्याशिवाय घरातून पाऊल टाकणार नाही म्हणते." मराठी शब्द शोधताना तिच्या कपाळाला आठी पडत होती. "डॅडी हुबळीहून आले होते, त्यांनीपण ओढून बघितलं. येतच नाही. तुम्ही काहीपण करा अंकल, पण आज ती काढा."

"बाळ, थाळी आहे ती, चामुंडीचा डोंगर नव्हे," दिलीपराव म्हणाले आणि वर चढले.

नर्मदाबाई दिवाणावर उशांना टेकून बसल्या होत्या. अठ्ठ्याहत्तरीच्या, काटकुळ्या, पण डोळे तिखट. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. हे घराणं राजांच्या फौजेतून इथं आलेलं, चार पिढ्या म्हैसुरात मुरलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीला कन्नडचा वास पुरता लागलेला. बोलताना चार शब्दांनंतर त्यांना श्वास घ्यायला थांबावं लागत होतं.

"या की हो... बसा. कॉफी घेता न्हवं?"

"आधी काम, काकू."

"आधी माझं ऐका. मत्ते काम करा." त्यांनी खिडकीजवळच्या टेबलाकडे बोट केलं. "ते मिशन रोज वाजतंय. चार वाजून दहा मिनिटांनी. गाणं न्हाई वाजत. रेकॉर्ड संपल्यावर सुई आतल्या आत फिरत राहते बघा... खर्र, टक्. खर्र, टक्. तसं. दोन मिनिटं वाजतंय आणि बंद होतंय."

"प्लग तर काढलेला दिसतोय, काकू."

"तेच की," नर्मदाबाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावलेत मी. लाइनवरचा आवाज कुठला आणि डोक्यातला कुठला, मला कळतंय."

नव्यानं आजीच्या मागून दिलीपरावांकडे बघून हळूच मान हलवली. मला काही ऐकू येत नाही, असा त्याचा अर्थ.

"हे गेले ते ह्याच मिशनपुढं," नर्मदाबाई पुढे म्हणाल्या. "त्या खुर्चीत. चार वाजून दहा मिनिटांनी. अकरा वर्षं झाली. ते सुटले न्हाईत अजून, दिलीपराव. मी ऑपरेशनच्या टेबलावरच गेले तर ते इथंच राहतील, एकटे. म्हणून सांगते, थाळी सोडवा. मग डॉक्टरनं मला उभी चिरली तरी परवागिल्ला."

ह्यावर व्होल्टेजचा प्रश्न विचारणं दिलीपरावांनाही जमलं नाही. ते टेबलाकडे वळले.

टर्नटेबल ऐंशी सालातला होता, जपानी, जड. नर्मदाबाईंचे यजमान संताजीराव रेल्वेच्या वर्कशॉपात लेथवर टर्नर होते आणि त्यांनी हे यंत्र कुण्या साहेबाकडून जुनं घेऊन, खोलून, स्वतःच्या हातानं लावलं होतं. वस्तूवर जीव असा की दुसऱ्याचा हात लागलेला खपायचा नाही. पोरानं एकदा सुई उचलली म्हणून आठ दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. हे सगळं नर्मदाबाई मागून सांगत होत्या आणि दिलीपराव यंत्र न्याहाळत होते. झाकणाला झेंडूची वाळलेली माळ तशीच होती, हात लावला की तिचा भुगा होत होता. थाळीच्या कडेला, मधल्या स्पिंडलला, सुईच्या दांडीला गंधाचे आणि कुंकवाचे पट्टे. शेजारी शहनाईची एक रेकॉर्ड, वेष्टनात. दोन पावलांवर वेताची खुर्ची, तिचं तोंड यंत्राकडे.

"हात धुऊन घेता का?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"काम झाल्यावर धुतो, काकू. आत्ता धुऊन काय उपयोग?"

आणि त्यांनी फडक्याला स्पिरिट लावून पहिल्या झटक्यात ते सगळं कुंकू पुसून काढलं.

"ते... पुसलं होय," नर्मदाबाई एवढंच म्हणाल्या.

"कुंकवाखाली गंज असतो."

बरोबरच होतं त्यांचं. पण काही वेळा बरोबर असणं पुरत नाही, हे त्यांना अजून कळायचं होतं.

आता थाळी म्हणजे काय, तर अॅल्युमिनियमची जड चकती. मधल्या निमुळत्या स्पिंडलवर ती नुसती बसलेली असते, स्क्रू नाही, खिळा नाही. वरची रबरी चटई काढली की तिला दोन भोकं दिसतात. त्यांत बोटं घालायची, थोडं वर ओढायचं आणि दुसऱ्यानं स्पिंडलच्या डोक्यावर लाकूड ठेवून हलकेच ठोकायचं. निघतेच. दिलीपरावांनी अशा पन्नास तरी काढल्या असतील. भोकातून बघितलं तर मोटरपासून थाळीला फिरवणाऱ्या जुन्या रबरी बेल्टाचं डांबर झालेलं, काळं, चिकट. मोटरच्या पुलीला लोंबत होतं. हा बेल्ट थाळी फिरवतो म्हणणं म्हणजे वाळल्या शेवयांनी झोपाळा बांधणं.

नव्यानं ठोकलं, ह्यांनी ओढलं. काही नाही. तेल सोडलं, वीस मिनिटं थांबले, कॉफी प्यायले, पुन्हा ओढलं. काही नाही. नव्याचा हेअर ड्रायर मागवला, मधोमध ऊब दिली. अॅल्युमिनियम फुगतं, लोखंड तितकं फुगत नाही, पकड सुटते. सुटायला हवी. दिलीपरावांच्या बोटांना भोकांच्या कडांचे वळ उठले, पण थाळी केसभर हलली नाही. वर हलत नव्हती आणि, ही गोष्ट मात्र त्यांना विचित्र वाटली, गोलही फिरत नव्हती.

पावणेचारला वीज गेली. पाऊस थोडा वाढला होता. खोलीत तो करडा उजेड आला, ज्यात वस्तू दिसतात पण सावल्या पडत नाहीत. हेअर ड्रायर बंद झाल्यावर एकदम शांतता झाली. खालच्या पायरीवरचं कुत्रं उठून कुठंतरी निघून गेलं, त्याच्या नख्यांचा आवाजसुद्धा वर आला.

"मी कँडल बघते," म्हणून नव्या आत गेली.

दिलीपराव एकटेच ओढत राहिले. आणि मग त्यांना वास आला. दुधी पाण्यासारखा, तेलकट, किंचित आंबूस. लेथवर कापताना जे पाणी सोडतात त्याचा वास. कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला तो झोपेतही ओळखू येतो. टर्नरच्या हातांना असतो तो, कितीही साबण लावा, जात नाही. त्यांनी मान वळवून पिशवीकडे बघितलं. पिशवीत तसलं काही नव्हतं.

"आला न्हवं वास?" दिवाणावरून नर्मदाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आता वाजेल."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून नऊ मिनिटं झाली होती.

दिलीपरावांची बोटं दोन्ही भोकांत होती. काढून घ्यावीत असं त्यांना वाटलं, आणि आपल्याला असं वाटलं ह्याचाच त्यांना राग आला. म्हणून त्यांनी दात आवळून सगळ्या ताकदीनं थाळी वर ओढली.

थाळी कुणीतरी खाली दाबली.

अडकलेलं लोखंड दाबत नाही. ते नुसतं अडून राहतं, मुकाट. हा दाब जिवंत होता. ह्यांनी जोर वाढवला की तोही वाढायचा, ह्यांनी सैल सोडलं की तोही थोडा सैल पडायचा, जसं आपण एखाद्याच्या हातातून भांडं ओढून घेताना दोन्हीकडून होतं. आणि त्यांच्या बोटांखाली, हाडांच्या टोकांना जाणवेल इतकं बारीक, काहीतरी फिरू लागलं. खर्र... टक्. खर्र... टक्.

सुई तिच्या आकड्यावर होती. थाळीवर रेकॉर्ड नव्हती.

खिडकीतून आलेला उजेड थाळीच्या पुसून लख्ख केलेल्या कडेवर पडला होता. दिलीपराव उभे होते त्याच्या समोरच्या बाजूला, खुर्चीच्या बाजूला, त्या कडेवर बोटांचे ठसे उमटलेले होते. डावीकडे चार, उजवीकडे चार. गार स्टीलच्या पेल्याला गरम हात लागला की वाफ धरते, तसे. ते पाहत असताना डावीकडच्या करंगळीचा ठसा विरला आणि थोडा अलीकडे पुन्हा उमटला. पकड बदलल्यासारखा.

दिलीपरावांनी बोटं काढली. कशी काढली ते त्यांना नंतर आठवेना. दोन पावलं मागं आले, पाठ भिंतीला लागली.

"काकू..." त्यांनी थाळीकडे बोट केलं. "काकू, इथं... समोरून कुणी..."

"हौदु, होय की," नर्मदाबाई म्हणाल्या. "ते देत न्हाईत परक्याच्या हातात. मला ठाऊक होतं... पण मला वाटलं, तुमची जात मिस्त्र्याची. तुम्हाला देतील."

नव्या मेणबत्ती घेऊन दारात उभी होती. ह्या वेळी तिलाही ऐकू आलं होतं. दोन मिनिटांनी आवाज थांबला आणि घड्याळाची टिकटिक परत ऐकू येऊ लागली.

दिलीपरावांच्या मनात आलं, पिशवी उचलावी आणि जावं. कुणी नावं ठेवली नसती. पण दिवाणावर ती बाई श्वास मोजत बसली होती आणि सोमवारला एकच दिवस मधे होता. ते खाली बसले. घाम पुसला. मग त्यांची नजर त्या झेंडूच्या भुग्यावर गेली आणि डोक्यात पहिल्यांदाच नीट प्रश्न आला.

"काकू, ही माळ कधीची?"

"त्याच दिवशीची. आयुधपूजा होती न्हवं. हे दरवर्षी मांडायचे. पाना, पक्कड, मायक्रोमीटर आणि मधे हे मिशन. गंध, कुंकू, फूल. नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडलं मिशनवर. म्हणाले, नर्मदा, उद्या दशमीला सकाळी उचलतो पूजा आणि तुला शहनाई ऐकवतो. कॉफी आण म्हणाले. मी कॉफी घेऊन आले तर..." त्यांनी खुर्चीकडे बघितलं.

"आणि पूजा?"

"काय पूजा?"

"दुसऱ्या दिवशी पूजा उचलली कुणी? उत्तरपूजा कुणी केली?"

"दुसऱ्या दिवशी सुतक होतं. हात कोण लावणार पूजेला? पाने-पकडी आमच्या पोरानं, मानाजीनं डब्यात भरून ठेवल्या नंतर कधीतरी, पण ह्याला तेव्हा भीतीनं कुणी हात न्हाई लावला. आणि आमच्यात पूजा ज्यानं मांडली त्यानंच उचलायची, अल्वा, न्हाई का..." बोलता बोलता त्या थांबल्या. "अय्यो," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "ते बसूनच आहेत की मग."

सांगलीकडे ह्याला खंडेनवमी म्हणतात, पण रीत तीच. त्या दिवशी हत्यारं देव होतात. दुसऱ्या दिवशी अक्षता टाकून, पुन्हा या म्हणून, त्यांना उत्तरेकडे तसूभर सरकवायचं, तेव्हा ती परत हत्यारं होतात. तोवर त्यांना कुणी वापरत नाही. दिलीपरावांच्या कारखान्यात नास्तिकातला नास्तिक फोरमनसुद्धा दशमीला मशीनला हात लावून एकदा हातानं फिरवल्याशिवाय स्विच दाबायचा नाही. कोट्यवधींची मशिनं तसूभर सरकत नसत, तर त्यांच्यावरची सुपारी सरकवायचे. आणि इथं अकरा वर्षं एक टर्नर आपली पूजा राखत बसला होता. आपण येऊन न धुतलेल्या हातांनी त्याचं कुंकू पुसलं आणि हातोडा घातला. दुसरा कुणी असता तर त्यानं आपल्याला जिन्यावरून खाली ढकललं असतं, असं दिलीपरावांना वाटलं आणि त्यांना शरम आली. भीती होतीच, पण शरम जास्त होती.

ते उठले, मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पाय धुतले. नव्याला म्हणाले, "बाळ, थोडे तांदूळ आण. हळद लावून."

"अंकल, हे वर्क होईल?"

"मला माहीत नाही," दिलीपराव म्हणाले. आयुष्यात हे वाक्य त्यांनी फार कमी वेळा उच्चारलं होतं.

"पण उचलायची त्यांनीच..." नर्मदाबाई म्हणाल्या.

"अर्धी पूजा तुमची आहे, काकू. फुलं कुणी आणली? निरांजन कुणी लावलं? तुम्ही उचला. मी मिस्त्री म्हणून हात लावतो."

नव्यानं आजीला धरून उभं केलं. दिवाणापासून टेबलापर्यंत सहा पावलं, त्यांत त्या तीनदा थांबल्या. खिडकीबाहेर ढगांत चामुंडीचा डोंगर अर्धा बुडाला होता. तो दक्षिणेला, म्हणजे उत्तर उलट बाजूला. वेताच्या खुर्चीच्या बाजूला.

नर्मदाबाईंनी अक्षता यंत्रावर टाकल्या. निम्म्या जमिनीवर पडल्या. मग त्यांनी थाळीच्या कडेवर, ते ठसे होते तिथंच, तळहात ठेवला. घरात नवऱ्याशी बोलतात तशा, थोड्या रागानं, थोड्या लाडानं बोलल्या.

"साकु री... पुरे झालं. दशमी उजाडून गेली. कितीदा उजाडून गेली. सोडा आता. मी पोरीबरोबर जाते, दवाखान्यात. तुम्ही बसू नका असे... पुन्हा या म्हणते मी. पण बसू नका."

दिलीपरावांनी यंत्राला दोन्ही हात लावले आणि ते खुर्चीच्या दिशेनं तसूभर सरकवलं.

वेताची खुर्ची करकरली. तिच्यात बसलेला माणूस उठला की वेत एकेक करून सैल होतो, तसा आवाज तिनं केला, आणि मग गप्प झाली. तो दुधी तेलकट वास त्या तिघांच्या मधून दाराकडे गेला. नव्यानं आजीचा खांदा घट्ट धरला.

"आता काढा," नर्मदाबाई म्हणाल्या.

दिलीपरावांनी भोकांत बोटं घातली. हातोडा नाही, जोर नाही. थाळी डब्याचं झाकण निघावं तशी वर आली.

आणि खाली, अहो, खाली काय असायचं? स्पिंडलभोवती तपकिरी, टणक खपली. नारळाचं पाणी, गंध, हळदकुंकू अकरा वर्षं वाळून त्याचा डिंक झालेला. एवढंच. कुठलाही मिस्त्री हे यंत्रावर शिंपडतो आणि दुसऱ्या दिवशी पुसतो. ह्याचा दुसरा दिवस आलाच नव्हता. दिलीपरावांना इतकं हायसं वाटलं की ते मोठ्यानं हसले. "हे बघा काकू, हे बघा, नारळपाणी," असं ते चार वेळा म्हणाले. नव्याही हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

मग हात आपोआप चालू लागले. खपली खरवडून काढली, स्पिंडल घासून लख्ख केला, तेलाचा थेंब सोडला. बेल्टाचं डांबर काड्यांनी आणि स्पिरिटनं काढलं, पुली पुसली. थाळी नीट बसते का बघायला परत वर ठेवली, लोण्यासारखी बसली. प्लग लावला. तेवढ्यात वीज आली, खोली पिवळी झाली, आतून फ्रिज घुरघुरू लागला, आणि नर्मदाबाई कधी टेबलाशी आल्या कळलंच नाही. त्यांनी वेष्टनातून शहनाई काढली, थाळीवर ठेवली आणि दांडी उचलून आत आणली.

थाळी फिरू लागली.

सुरुवातीला थोडी खरखर झाली आणि मग शहनाई अशी भरून आली की बोळातल्या समोरच्या घराची खिडकी उघडली. नर्मदाबाई उभ्याच होत्या. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्या पुसत नव्हत्या. "दशमी झाली," त्या म्हणाल्या. "आयतु. नव्या, बॅग भर माझी. ती निळी साडी घाल आत." दिलीपरावांना एकदम भूक लागली. नव्यानं मद्दूर वडे गरम केले, तिघांनी खाल्ले, दुसरी बाजू लावली. पैशांची गोष्ट काढली तेव्हा दिलीपरावांनी कानांना हात लावले. घरी आले तेव्हा ते शीळ घालत होते.

रजनीताई ओला शर्ट वाळत घालायला घेऊन गेल्या आणि लगेच परत आल्या.

"बेल्ट न बसवताच आलात होय? मग एवढा वेळ केलंत काय तिथं?"

त्यांच्या हातात ते पाकीट होतं. सीलबंद.

दिलीपराव जेवणाच्या टेबलाशी बसले. त्यांनी पाकीट उलटंपालटं करून बघितलं, सील नखानं चाचपलं. मग मनाशी एकेक गोष्ट परत केली. खपली काढली. डांबर काढलं. पुली पुसली. थाळी बसते का बघायला ठेवली. वीज आली... त्यानंतर शहनाई. मधे काही नाही. मोटर एका कोपऱ्यात, थाळी मधोमध, आणि दोन्हींच्या मधे साफ पुसलेली जागा.

त्यांनी रजनीताईंना सगळं सांगितलं. ऐकून त्या म्हणाल्या, "सोमवारपर्यंत तोंड उघडू नका. बाई जातेय, जाऊ दे."

नर्मदाबाई दवाखान्यात गेल्या. ऑपरेशन नीट झालं. तीन आठवड्यांनी दिलीपराव पेढे आणि ते पाकीट घेऊन नजरबादला गेले. संधी साधून गुपचूप बेल्ट बसवून टाकायचा बेत होता. नर्मदाबाई दिवाणावर ताठ बसल्या होत्या, गालांवर रंग आला होता आणि आता एका श्वासात सबंध वाक्य बोलत होत्या. शहनाई चालू होती.

"चार-दहाला आता काही वाजत न्हाई हं," त्यांनी पहिलं हेच सांगितलं. "झोप लागते. सुम्मने निवांत झोपते मी."

"छान झालं, काकू."

नव्या पाणी आणायला गेली तसे दिलीपराव टर्नटेबलपाशी गेले. मिस्त्री लोक करतात तसं त्यांनी फिरत्या थाळीच्या कडेला एक बोट हलकेच टेकवलं. बेल्टवरची थाळी अशी अडवली की थांबते, बेल्ट नुसता घसरतो. ही थांबली नाही. तिनं त्यांचं बोट हळूच बाजूला सारलं. मशीन चालू असताना जुना कारागीर मदतनिसाचा हात सारतो, तसं, न रागावता. बोटाला किंचित ओल लागली. त्यांनी ते नाकाशी नेलं, तोच दुधी तेलकट वास, आणि खिशातल्या रुमालाला पुसलं.

"बेल्ट झकास बसवलात हो," नर्मदाबाई मागून म्हणाल्या. "असला किती वर्षं टिकतो?"

दिलीपरावांनी खिशातल्या पाकिटावर हात ठेवला.

"तुम्ही आहात तोवर काळजी नाही, काकू," ते म्हणाले आणि पेढ्यांचा पुडा सोडायला बसले.